विलायती बाटलीची काडीपरीक्षा

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात जीभ असावी तर माझ्यासारखी! चाळीस वर्षं मी ती लोकांना टोचायला वापरली. निवृत्तीनंतर चवीला लावली. म्हणून इंग्लंडातल्या पुतण्यानं, गजेंद्रनं, व्हिस्कीची बाटली पाठवली तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. तो तिथं सिंगल माल्टच्या एका भट्टीत कामाला. भट्टी सहा वर्षांची, बाटलीतला माल तीन वर्षांचा आणि गजेंद्रची नोकरी तीन महिन्यांची, अजून कच्चीच.

"काकाजी," तो फोनवर म्हणाला, "साहेबाले सांगून बसलो का आमचे काकाजी मोठे जाणकार आहेत. रविवारी चार वाजता व्हिडिओवर चव सांगा. माझी नोकरी तुमच्या जिभेवर आहे!"

घरात बाटली उघडायला सौ. दुर्गेश्वरीबाईंची मनाई. म्हणून रविवारी तीन वाजता मी मुर्री गावच्या माझ्या शेतातल्या मांडवात बसलो. सोबतीला तिथलाच सुखराम. मोहाच्या दारूतला हा माणूस म्हणजे चालती प्रयोगशाळा!

मी माझा पेला भरला. त्यानं बाटली उन्हात धरली. "हे काऊन असं काळ्या चहावानी दिसून राहिलं गा? भेसळ हाय."

"अरे, लाकडी पिंपात मुरवतात!"

"मुरवा नाही तं पुरवा. असली असंल तं पेटंल. काडी दे."

मोहाच्या दारूची परीक्षा आमच्याकडे अशीच होते. ताटलीत ओतायची, काडी लावायची. निळी ज्योत आली की अस्सल. शास्त्रीय कुतूहल म्हणून मी काडेपेटी दिली. एप्रिलचं त्रेचाळीस अंशांचं ऊन. भप्पकन निळी ज्योत!

"पेटली! असली हाय!" सुखराम वरातीतल्यासारखा नाचला. नाचता नाचता पाय लागला आणि ताटली थेट धानाच्या वाळक्या तणसाच्या ढिगात!

"पाणी टाक!" मी ओरडलो.

त्यानं हाताला लागला तो पेला फेकला. माझा. अजून ओठांनाही न लागलेला! तणसानं तो एका घोटात घेतला आणि मांडवाएवढी ढेकर दिली.

शेजारच्या बांधीत मनोहरलाल उन्हाळी धानाला पाणी देत होता. तो मोटरचा पाइप ओढत धावला. आग विझली, मांडव बसला, आम्ही काळे पडलो. उघडी बाटली मात्र चिखलात ताठ उभी. आणि काठोकाठ भरलेली!

"पाह्य, वाचली!" सुखराम म्हणाला.

"वाढली!" मी म्हणालो.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर घामाघूम गजेंद्र, शेजारी वही उघडून साहेब. पळायला जागा नव्हती. मी बाटलीतला एक घोट घेतला आणि ठरवलं, खोटं बोलायचं नाही.

"आधी ओली माती. मग जळक्या तणसाचा धूर. शेवटी... किंचित मोटरचं ग्रीस."

गजेंद्रनं चाचरत भाषांतर केलं. साहेबाचे डोळे भरून आले! भराभरा लिहू लागला.

"काकाजी, साहेब म्हणते का इतकं बारीक आजवर कोणालेच समजलं नाही! विचारून राहिले, जाणकार लोक थोडं पाणी टाकतात, तुम्ही किती टाकलं?"

मी तोंड उघडायच्या आत मनोहरलाल माझ्या खांद्यावरून डोकावला.

"पाच हॉर्सपॉवरचं, साहेब! काऊन, कमी पडलं का?"

बाकी सगळ्याला भाषांतर लागलं होतं. हॉर्सपॉवर साहेबाला थेट कळलं. त्यानं पेन खाली ठेवलं. माझी काजळी पाहिली, मागचा धूर पाहिला आणि खुर्चीतून घसरेपर्यंत हसला. गजेंद्रची नोकरी तिथंच पक्की झाली.

आता म्हणे नव्या बाटल्यांवर माझा अभिप्राय छापणार आहेत. छापोत बापडे! चव कशी असते, तेवढं कोणीतरी मला कळवा.