सतरा पायऱ्यांची शिफारस

मेश्राममावशींनी माझं शिफारसपत्र मला भेटायच्या आधीच लिहून ठेवलं होतं.

हे सांगितलं की लोक हसतात. मीही पहिल्यांदा हसलेच होते. ते हसू पुढे कुठे गेलं, तेच सांगायचं आहे.

दोन हजार चौदाच्या शरदात मी पुण्याहून एर्लांगेनला एमएस करायला आले. गाव लहान, विद्यार्थी ढीगभर आणि खोल्या नावापुरत्या. मी एका मैत्रिणीच्या मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होते आणि महिनाअखेर तो सोफाही सोडायचा होता. पत्ता नाही म्हणून आनमेल्डुंग नाही, म्हणजे नगरपालिकेत नाव नाही. तिथे नाव नाही म्हणून बँकेला मी माहीत नाही. अशात कुणीतरी सांगितलं की टेकडीवर विद्यार्थिनींचं एक जुनं मंडळ आहे, त्यांचं स्वतःचं तीन मजली घर आहे, आणि सभासद झालं की तिथे स्वस्तात खोली मिळते. अट एकच. गावात स्थायिक असलेल्या एखाद्या बाईनं लिहून द्यायचं की या मुलीला मी ओळखते, ही घरात घेण्यासारखी आहे.

मला येऊन अकरा दिवस झाले होते. गावात मला ओळखणारी बाई एकच, सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची, आणि माझ्या पिशवी भरण्याच्या वेगावरून तिचं माझ्याबद्दल मत काही बरं नव्हतं.

"मग मेश्राममावशींकडे जा," मला सांगण्यात आलं. "त्या सगळ्यांना देतात."

मावशी रेल्वेमार्गाच्या पलीकडे एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. फार वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीवर रसायनशास्त्र शिकायला आल्या, प्रयोगशाळेत नोकरी केली, निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. मी खाली बेल वाजवली. भिंतीतल्या जाळीतून आवाज आला, "नाव सांग. पूर्ण. सावकाश." मी सांगितलं, मृण्मयी साठे. त्यावर "अव माय!" एवढंच ऐकू आलं आणि मग काहीच नाही. चांगली चार-पाच मिनिटं मी धुक्यात उभी. मग दार गुरगुरलं. तिथे बटण दाबून वरूनच दार उघडतात. वर गेले तर मावशी दारातच, हातात पाकीट घेऊन.

"आल्झो, तर मग हे तुझं," त्या म्हणाल्या. "थंडीत काय उभी राहून राहिली? ये न आत."

पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. मी हळूच डोकावले. पूर्ण पान टाइप केलेलं होतं आणि वर माझं नाव शाईच्या पेनानं. नाव तेवढं ओलं होतं.

"मावशी, पण तुम्ही मला ओळखतच नाही."

"मग काय झालं? कागदावर आलं की माणूस खरं होतं," असं म्हणून त्यांनी पाकिटाला जीभ लावली आणि विषय बंद केला.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. जर्मनीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला ते पटायलाच हवं, पण मावशींनी त्याचा पार धर्म केला होता. शिफारस हा त्यांचा छंद होता. नळ दुरुस्त करून गेलेल्या माणसाची शिफारस त्याच्या मालकाला न मागता जायची. शेजारणीच्या मांजराला घरमालकानं हरकत घेतली तेव्हा मावशींनी मांजराचं शिफारसपत्र दिलं. 'स्वभाव संयमी, जिन्यात वर्तन आदर्श.' अंगणातलं चेरीचं झाड तोडायचं ठरलं, तर झाडाचं पत्र. झाड अजून उभं आहे. प्रत्येक पत्राची प्रत ऑर्डनरमध्ये, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये, आणि असे ऑर्डनर भिंतभर.

पण त्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट मला खटकली. दाराशी चपलांच्या फळीवर घरात घालायच्या लोकरी सपाता होत्या. लहान, निळ्या, कधीच न वापरलेल्या. पाय गारठले होते म्हणून मी त्यात पाय घालायला गेले, तर मावशी केवढ्यानं ओरडल्या.

"त्या नको! त्या तिच्या आहेत."

"कुणाच्या?"

"जिचं पत्र आहे तिच्या."

पत्र तर माझं होतं. मी मोज्यांवरच चहा प्यायले आणि निघाले.

टेकडीवरच्या घरात मंडळाची अध्यक्ष काट्रिन हिनं माझी मुलाखत घेतली. उंच, नीटनेटकी, वाक्यागणिक 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणणारी मुलगी. जिना चढताना तिनं मला बाजूला ओढलं. "पाचव्या पायरीवर भिंतीकडून."

"का? मोडली आहे?"

"नाही. सगळ्या तशाच जातात." का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या आधीच्या मुलींनी तिला तसंच सांगितलं होतं. कठड्याच्या बाजूला कुणीतरी बसलंय असं वाटतं म्हणे.

वर बसून तिनं पत्र मोठ्यानं वाचलं. ही मुलगी पायऱ्या मनातल्या मनात मोजते. तुमच्या जिन्याच्या सतरा पायऱ्या तिला पाठ होतील. कप धुताना ती एकच ओळ गुणगुणते. तिला तळघराची भीती वाटते, पण ती दुसऱ्या कुणाला तिथे जाऊ देत नाही, स्वतः जाते. पावाचा शेवटचा तुकडा ती नेहमी कुणासाठी तरी ठेवते.

यातलं एकही अक्षर माझं नव्हतं. पायऱ्या मी आयुष्यात मोजल्या नव्हत्या आणि शेवटचा तुकडा आमच्या घरी माझाच असायचा. पण महिनाअखेर जवळ आली होती. मी हो म्हणाले, "या, गेनाऊ." खोली मिळाली.

सामान वर नेताना, निव्वळ गंमत म्हणून, मी पायऱ्या मोजल्या. सतरा. पुढच्या रविवारी मी मावशींना विचारलं, "तुम्ही त्या घरात कधी राहिला होतात का?"

"मी? नाही व. मला कोण घेते?" त्या म्हणाल्या आणि मला आणखी एक चकली वाढली.

"पण मावशी, पत्रातली मुलगी मी नाहीये."

"मग हो न. त्यात काय कठीण आहे?"

आणि खरं सांगते, मी होत गेले. नोव्हेंबरात धुकं उतरलं, दुपारी चारलाच दिवे लागायला लागले, आणि मला पायऱ्या मोजल्याशिवाय जिना चढता येईना. तळघरात हीटिंगचं बटण पडलं की मी घाबरत घाबरत पण सगळ्यांच्या आधी खाली निघालेली असायचे. एकदा कप धुताना काट्रिन म्हणाली, "काय गातेस?" मी गात होते हेच मला माहीत नव्हतं. चालही ओळखीची नव्हती.

एका दुपारी मी मोजत खाली उतरत होते. दोन, तीन, चार. खालून कुणीतरी मोजत वर येत होतं. मराठीत. मी मोजणं थांबवलं नाही. कठडा धरून उतरत राहिले. धुक्याच्या त्या उजेडात नवव्या पायरीवर आम्ही समोरासमोर आलो आणि एकदमच म्हणालो, "नऊ." ती रुही होती, तिसऱ्या मजल्यावरची नागपूरची मुलगी, माझ्याआधी वर्षभर आलेली.

"तू कशाला मोजतेस?" मी विचारलं.

"माझ्या पत्रात होतं," ती म्हणाली. "आधी नव्हते मोजत."

त्या दिवशी आम्ही दोघींनी पाव खाल्ला आणि शेवटचा तुकडा ताटलीत तसाच राहिला. कुणासाठी, ते दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी मंडळाची चिटणीस झाले, म्हणजे कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. आणि त्याच वर्षी भांडं फुटलं. औरंगाबादच्या एका नव्या मुलीचा अर्ज आला, सोबत मावशींचं पत्र. माझ्याआधीची पत्रं जुन्या अध्यक्षांनी वाचलेली, पण माझं काट्रिनला अजून आठवत होतं. तिनं माझं आणि रुहीचं पत्र काढून शेजारी ठेवलं.

"तीन मुली आणि तिघी सतरा पायऱ्या मोजतात?" ती म्हणाली. "ही बाई खोटी पत्रं देते. शुक्रवारच्या बैठकीत मला तिची सगळी पत्रं हवीत."

अर्थ स्पष्ट होता. नव्या मुलीला खोली नाही, आम्हा दोघींच्या खोल्यांचा फेरविचार, आणि मावशींचं नाव गावभर खोटारडी म्हणून. मला स्वतःच्या खोलीपेक्षा या शेवटच्याची भीती वाटली. जिच्या शब्दावर चेरीचं झाड उभं राहतं, तिचा शब्दच काढून घेतला तर त्या बाईपाशी राहणार काय?

रुही आणि मी कपाट उपसलं. मावशींची नऊ पत्रं निघाली. नावं नऊ, मुलगी एकच. वाचता वाचता ती मुलगी आम्हाला इतकी ओळखीची झाली की रुहीनं एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

सगळ्यात खालच्या कप्प्यात नाकारलेल्या अर्जांचा ऑर्डनर होता. त्यात कित्येक वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला एक अर्ज. कोपऱ्यात फोटो, दोन वेण्या घातलेली मुलगी. नलिनी मेश्राम, नागपूर. 'स्वतःविषयी' या सदरात कच्च्या जर्मनमध्ये लिहिलं होतं: 'आत बैठक चालू आहे, म्हणून हे मी तुमच्या जिन्यावर बसून लिहिते. वाट पाहताना मी पायऱ्या मोजल्या. सतरा आहेत. मला तळघराची भीती वाटते, पण मी जाईन. कप धुताना मी आईचं गाणं म्हणते, तुम्हाला त्रास होणार नाही. तुमच्या यादीप्रमाणे घरात घालायच्या सपाता मी घेतल्या आहेत, निळ्या.' खाली दुसऱ्या अक्षरात एकच ओळ होती. 'शिफारसपत्र नाही. गावात हिला कोणी ओळखत नाही.'

रुही रडायला लागली. मला आधी रागच आला, कुणाचा ते कळेना. मग मला मावशींचं एक बोलणं आठवलं. कधीतरी चहा गाळताना त्या म्हणाल्या होत्या, "नागपुरातही विचारत, तू कोणाची? इथं आले तर इथंही तेच. तुम्हा पोरींना कोणी विचारू नये, एवढंच."

शुक्रवारी मी बैठकीत नऊ पत्रं ठेवली आणि वर तो पिवळा अर्ज. "पत्रं खोटी नाहीत," मी म्हणाले. "यातली मुलगी खरी आहे. आम्ही फक्त तिच्या नावावर आत आलो." काट्रिननं अर्ज दोनदा वाचला. मग तिनं विचारलं, "ही अजून गावात राहते?"

"सायकलनं सात मिनिटं."

"आल्झो," काट्रिन म्हणाली, आणि वाक्य अर्धंच सोडून तिनं अर्ज पुन्हा हातात घेतला. तिला अडखळलेलं मी तेव्हाच पाहिलं. नियम मात्र तिनं सोडला नाही. सभासद करायचं तर शिफारसपत्र हवं. नगरपालिकेत नाव आहे म्हणजे स्थायिकच, असं म्हणून मग ते मी लिहिलं, रुहीनं सही केली, आणि सगळ्या हातांनी ते मंजूर झालं. नव्या मुलीची खोलीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट घेऊन मी मावशींच्या दारात उभी राहिले. बेल वाजवली.

"नाव सांग. पूर्ण," जाळीतून आवाज आला.

"नलिनी मेश्राम," मी म्हणाले.

आतून काहीच नाही. पहिल्या वेळेपेक्षाही जास्त वेळ. मला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. मग दार गुरगुरलं.

मावशींनी उभ्या उभ्याच पत्र वाचलं. त्यात फार काही नव्हतं. या मुलीला आम्ही ओळखतो, चांगलं ओळखतो, हिला घरात घ्यायला उशीर झाला आहे. त्यांनी सही तपासली, शिक्का उजेडात धरून पाहिला. "कागद पक्का आहे न?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग त्या फळीपाशी गेल्या, निळ्या सपाता वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि कोट शोधायला लागल्या. कोट अंगावरच होता.

टेकडीवरच्या घरात खालीच त्यांनी बूट काढून सपाता घातल्या. आता पाय सुजलेले, टाचा पार बाहेर राहिल्या. त्या तशाच फटक फटक चढायला लागल्या. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पायरीवर मी सवयीनं भिंतीकडे सरकले आणि मावशी थांबल्या. मी त्यांना त्या पायरीचं कधी काही सांगितलं नव्हतं. कठड्याच्या बाजूला हात टेकून त्या खाली बसल्या.

"इथं बसले होते मी," त्या म्हणाल्या. "आतून हसण्याचा आवाज येत होता. वाटलं, बोलावतील."

वर काट्रिन दार उघडून उभी होती. मागे सगळ्या मुली. मग काट्रिन म्हणाली, "फ्राउ मेश्राम, या ना आत."

मी हात दिला. मावशी उठल्या आणि चढायला लागल्या, कुठेही न थांबता.

"मावशी, मोजत नाही का?" मी विचारलं.

"आता कशाला मोजू? तेव्हा वाट पाहायची होती न."

त्या दिवसापासून माझं मोजणं थांबलं, रुहीचंही. आणि त्या घरातल्या मुली आता पाचव्या पायरीवर भिंतीकडे सरकत नाहीत, सरळ मधूनच जातात.