'काळा हातमोजा – भाग दोन'चे परीक्षण

"साहेब, मी लिहितो," एवढे तीनच शब्द तो संपादकांपुढे बोलला आणि स्वतःच दचकला.

साप्ताहिकाच्या नेहमीच्या चित्रपट-परीक्षकाला गालगुंड झालं होतं आणि 'काळा हातमोजा – भाग दोन' रविवारी पाहून संध्याकाळी पाचपर्यंत कुणीतरी लिहून देणं भाग होतं. आपला माणूस मुद्रितशोधक. अकरा वर्षं दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात गेलेली, स्वतःची एक ओळ छापून आलेली नाही. पण 'काळा हातमोजा'चा पहिला भाग त्याने पाच वेळा पाहिला होता. दिवसा किल्ल्या बनवणारा साधा माणूस, पोलीस दाद देत नाहीत म्हणून हातमोजा चढवून गुंडांना स्वतः धडा शिकवतो, ही गोष्ट त्याला तोंडपाठ होती. (स्वतः तो शेजाऱ्याला रेडिओचा आवाज कमी करा म्हणायलाही बायकोला पाठवायचा.)

तुलना अचूक व्हावी म्हणून रविवारी पहाटेच उठून त्याने पहिला भाग पुन्हा पाहिला, टिपणं काढली, भरपेट जेवला आणि बायको व सासूबाईंना घेऊन दुपारच्या खेळाला गेला. सासूबाई शस्त्रक्रिया विभागात तीस वर्षं परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी नजर वॉर्डातलीच. चित्रपटगृह गार, खुर्च्या नव्या, मागे रेललं की पाय आपोआप वर येणाऱ्या. नायकाने पहिली खिडकी फोडली तेव्हा त्याने वहीत लिहिलं, 'सुरुवात दमदार'. त्यातल्या 'र'ची शेपटी पानावरून थेट पँटवर गेली.

जाग आली तेव्हा लोक दाराकडे चालले होते.

घरी आल्यावर साडेतीन वाजता त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरा कागद ठेवला आणि घसा खाकरला. "एक सांगायचंय. मधे माझा जरासा डोळा लागला होता."

"ते अख्ख्या रांगेला माहीत आहे," बायको म्हणाली.

"मग उठवायचं नाही का?"

"दोनदा उठवलं. तुम्ही म्हणालात, विरामचिन्हं नंतर बघतो."

त्याने लाज गिळली आणि पेन उघडलं. "बरं. शेवटी काय होतं?"

"तो मरतो."

"नायक?"

"नायक मेला तर तिसरा भाग कुणाला घेऊन काढतील? मिशीवाला मरतो."

"मिशीवाला पहिल्या भागातच मेला."

"हा त्याचा भाऊ. मिशी तीच आहे."

"आणि नायकाची बहीण? तिचं दुकान जाळलं होतं, ती?"

"ती दोन मिनिटं फोनवर दिसते. पण अहो, त्याचं नवीन घर काय आहे. किल्ल्या बनवून कुणाला एवढं मोठं स्वयंपाकघर मिळतं ते मला सांगा."

सव्वाचारपर्यंत त्याने 'सूडभावनेची सामाजिक मीमांसा' या विषयावर तीन परिच्छेद ओढले. वजनदार शब्द होते ते सगळे वापरले. पण दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे की नाही, या मुद्द्यावर गाडी अडली. न पाहिलेल्या गोष्टीवर मत कुठून आणणार?

सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता बोलायला सुरुवात केली. "पहिल्यात त्याने पहिला ठोसा मारला तेव्हा त्याचाही हात सुजला होता. रात्रभर थंड पाण्यात धरून बसला होता बिचारा. पट्टीसुद्धा नीट बांधली होती, मी बघितली. यात चाळीस जणांना मारतो आणि बोटाला खरचटत नाही. पोटात सुरा बसतो नि हा जिना चढतो. मी तीस वर्षांत असा रुग्ण पाहिला नाही. आणि पहिल्यात त्याला राग आला होता. यात त्याला राग आणून दिलाय. ज्याला दुखतच नाही, त्याची काळजी आपण का करायची?"

पाचला दहा मिनिटं कमी होती. त्याने ते जसंच्या तसं चौथा परिच्छेद म्हणून उतरवलं आणि धावत जाऊन मजकूर दिला.

अंक आला. त्याने पान उघडलं. पानावर फक्त चौथा परिच्छेद होता.

संपादकांनी खोलीत बोलावलं. "हे तुम्ही लिहिलेलं नाही."

"सासूबाईंनी सांगितलं," तो पुटपुटला. नोकरीवरच येतंय असं त्याला वाटलं.

"सकाळपासून वाचकांचे फोन येतायत. एकाने बहिणीला मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे." संपादक इतके खूश कधी दिसले नव्हते. "दर रविवारी लिहाल का, विचारा त्यांना. उत्तर लेखी आणा. आणि मजकूर तुमच्या हातून येईल तेव्हा शुद्धलेखन बघा. वाक्याला हात लावायचा नाही."

तो घरी आला तो जवळजवळ नाचतच. आपल्या घरात परीक्षक आहे, हेही काही कमी नव्हतं. बायकोने चहा टाकला. सासूबाईंनी दोनदा 'मला कुठे जमतंय' म्हणून घेतलं, मग चष्मा पुसून उत्तर सांगायला लागल्या. वाक्याला हात लावायची मनाई असल्यामुळे त्याला ते सुवाच्य अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, असं लिहावं लागलं:

'काम आनंदाने करीन. मात्र सोबत जावई नको. मी पडद्यावरच्या जखमा बघायच्या, की यांना घोरणं थांबावं म्हणून कुशीवर वळवायचं?'