चहाचा पहिला कप

फ्रँकफर्टला मुलाकडे येऊन तीन आठवडे होतात न होतात तोच अहिल्याबाईंनी सत्यजितच्या घराला वळण लावले होते. चपला रांगेत, जेवताना फोन बंद आणि चहा वयाच्या क्रमाने. पहिला कप यजमानांचा, यशवंतरावांचा, दुसरा स्वतःचा, मग मुलगा, मग सून. "वयाचा मान ठेवायचा," त्या सुनेला, मुक्ताला, बजावीत. "वयात कमी-जास्त करता येत नाही. तेवढं एक सत्य असतं."

अशा या शिस्तीच्या घरात शनिवारी, ऐन चहाच्या वेळी, नात अन्वी शाळेचा तक्ता घेऊन आली. त्यावर घराण्याचा वंशवृक्ष होता, आणि वर्गशिक्षिकेने त्याला लाल शाईची चार प्रश्नचिन्हे लटकवली होती.

"आल्झो, म्हणजे हे बघ, आजी, तुझा, आजोबांचा, शोभनाआजीचा आणि काकाआजोबांचा, चौघांचा वाढदिवस एक जून. टीचर म्हणाल्या, असं होऊच शकत नाही."

"का नाही होऊ शकत? आमच्याकडे अर्ध्या गावाचा असतो! शाळा जूनमध्ये उघडायची. हेडमास्तर मुलाला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की मूल सहा वर्षांचं. तारीख एक जून. संपला विषय."

अन्वीने ताबडतोब स्वतःचा कान धरून पाहिला. "आणि पणजी तीन निवडणुकांच्या मतदार याद्यांत बावन्नच वर्षांची आहे. ते पण कानावरून?"

सत्यजित कपात तोंड घालून हसला. अहिल्याबाईंना ते हसू झोंबले. कुण्या परक्या बाईने आपल्या घराण्यावर लाल शाई चालवावी आणि पोटच्या मुलाने हसावे!

"कागदांचं सोड. माझी पत्रिका आहे. माझ्या आजोबांनी जन्मवेळेची पळं मोजून स्वतः मांडलेली. बघू दे तुझ्या बाईंना!" आणि त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला धाकट्या बहिणीला फोन लावला. "शोभना, ट्रंकेतली माझी पत्रिका काढ आणि फोटो पाठव. आत्ताच्या आत्ता."

"कुठली, ताई? जुनी?"

"जुनीच! अस्सल ती."

फोन ठेवल्यावर मुक्ताने साध्या मनाने विचारले, "आई, जुनी म्हणजे? नवीपण आहे का?"

अहिल्याबाईंचा चेहरा उतरला. बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन त्यांनी पुन्हा फोन लावला. "शोभे, पाठवू नकोस!"

"पाठवली की गं. 'आपली माणसं' ग्रुपवर. तुझ्या दिरानं, नागेशनं, अंगठासुद्धा दाखवला."

त्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसे होती. त्यांत यशवंतरावही होते.

त्या आत आल्या तेव्हा आजोबांच्या फोनवर फोटो बघून अन्वीचा हिशेब पुरा झाला होता. "मार्गशीर्ष, शके अठराशे एकोणसत्तर. अधिक अठ्ठ्याहत्तर. आजी, तू एकोणीसशे पन्नासची नाहीसच! तू सत्तेचाळीसची. आणि आजोबा एकोणपन्नासचे. गेनाऊ, अगदी बरोबर! तू आजोबांपेक्षा मोठी आहेस!"

"आई, पासपोर्टवर पन्नास आहे," सत्यजितला घाम फुटला. "व्हिसावर, इन्शुरन्सवर..."

अहिल्याबाईंना ते ऐकू गेले नाही. शाळेत उशिरा घातले म्हणून वडिलांनी वय कमी सांगितले, आणि लग्नाच्या वेळी दाखल्याशी मेळ बसावा म्हणून जोशीबुवांकडून नवी पत्रिका करवून घेतली. पन्नास वर्षे ज्या माणसाला "तुम्ही मोठे" म्हणून पहिला कप दिला, त्याच्याकडे आता बघायचे कसे?

"अहो, मी सांगणारच होते."

"हो का?" यशवंतरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मीही सांगणारच होतो."

"तुम्ही काय सांगणार होता?"

"माझा कान हाताला लागत नव्हता. साडेचार वर्षांचं पोर मी. वडिलांनी हळूच सांगितलं, मान वाकव. मी वाकवली. झालो सहा वर्षांचा. पुढे लग्नाच्या वेळी आमच्याकडेही दाखल्याबरहुकूम पत्रिका नवी केली."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी खोटी पत्रिका आणि माझी खोटी पत्रिका यांचे बत्तीस गुण जुळले. आपल्या दोघांचे किती जुळतात ते कुणी पाहिलेलंच नाही."

"मग आजोबा, तुम्ही आजीपेक्षा किती लहान?" अन्वी पेन्सिल सरसावून बसली होती.

"तीन वर्षांनी," यशवंतराव म्हणाले. त्यांनी आपल्यापुढचा वाफाळता पहिला कप बशीसकट उचलला आणि अदबीने अहिल्याबाईंपुढे ठेवला. "घ्या. थोरल्या आहात."

कोणी हसले नाही. तशी हिंमत कोणाचीच नव्हती. अहिल्याबाईंनी कपाकडे पाहिले, मग सुनेकडे, मग त्या तक्त्याकडे. क्षणभर विचार करून त्यांनी कप ओढून घेतला.

"अन्वी, तक्त्यावर एक जूनच राहू दे. बाईंना सांग, सरकारी कागद आहे," त्या म्हणाल्या. "आणि मुक्ता, उद्यापासून यांचा चहा दुसरा."