हेमाकाकीच्या घोडीवर वाळवंट

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वाआठच्या गाडीने जैसलमेरकडचं वाळवंट चार दिवसांची रजा काढून हेदुळ्याला घोड्यावर बसायला आलं.

आगाऊ नोंदणी केलेली होती. नाव, गाव, येणाऱ्यांची संख्या एक, आणि खाली 'वाळवंट व किनारा, पूर्ण फेरी' यावर खूण. हेमलता कुबल, म्हणजे गावाची हेमाकाकी, हिने ती चिठ्ठी महिनाभर आधी वाचली होती. पण आडनाव असेल कुणाचं, असं समजून तिने ती खिळ्याला टोचून ठेवली. आडनावं काय, कसलीही असतात. तिच्या माहेरी एक धोंडे होते आणि एक डोंगरे होते. आता स्टेशनापासून किनाऱ्यापर्यंतचा रस्ता भरून वाळवंट चालत आलं, ओट्यासमोर थांबलं, आणि त्याने चिठ्ठीची दुसरी प्रत पुढे केली, तेव्हा काकी घाबरली. त्याच वेळी तिला इतका आनंद झाला की हातातला खरारा करायचा ब्रश तिने दोनदा पाडला.

घाबरली का तेही सांगायला हवं. हेमाकाकीकडे तीन घोडे. चिमणी नावाची घोडी, आणि सरदार व गुलाब. किनाऱ्यावर घोडे फिरवणारे पुढच्या गावातही होते, म्हणून चार वर्षांपूर्वी तिने पाटी रंगवून घेताना रंगाऱ्याला 'किनारा'च्या आधी 'वाळवंट व' असं घालायला सांगितलं. केवड्याच्या बनामागे दोन गुंठे मोकळी वाळू होती, तिलाच ती वाळवंट म्हणायची. पुण्यामुंबईची माणसं त्या वाळूत घोड्यावर बसून डोक्याला पंचा गुंडाळून फोटो काढत आणि खूश होऊन जात. चार वर्षं कुणाचंच काही बिघडलं नाही. मग गेल्या मेमध्ये एका गृहस्थांनी ग्रामपंचायतीत लेखी तक्रार केली. वाळवंट कुठे आहे असं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या की तुम्ही त्यातच उभे आहात, असं त्या तक्रारीत लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं.

पंचायतीच्या परवान्यातली चौथी अट अशी, की पाटीवर जे लिहिलं असेल ते गावात असलं पाहिजे. परवान्याची मुदत त्याच मंगळवारी संपत होती. ग्रामसेवक डोईफोडे भाऊसाहेब पाहणीसाठी सकाळीच येऊन ओट्यावर बसले होते. बीडकडचा सरळ माणूस, चहा घेणार पण साखर लाचेत मोजणार. वाळवंट नसल्याचं दिसलं तर परवाना रद्द, आणि परवाना रद्द म्हणजे तिन्ही घोडे विकायचे. चिमणीला तर काकीने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तिला लग्नाच्या वरातीत नाचवायला कुणी विकत नेईल, या विचाराने काकीला आठ दिवस झोप नव्हती.

आता पाहणीच्याच दिवशी खरं वाळवंट दारात उभं राहिलं होतं, आणि तेही गिऱ्हाईक म्हणून. भाऊसाहेबांनी त्याचं ओळखपत्र पाहिलं, रजेचा मंजुरी कागद पाहिला, दोन्हीवरचे शिक्के पाहिले आणि दोन्ही परत दिले. ते म्हणाले की बरं झालं, या विषयातला जाणकारच आला आहे. आपण स्वतः कधी वाळवंट पाहिलेलं नाही, त्यामुळे केवड्यामागचं वाळवंट आहे की नाही हे पाहुण्यांनीच बघून शेरा द्यावा, तो पंचायतीला मान्य राहील. हेमाकाकी हो म्हणाली. दुसरं म्हणणार काय? घोडामैदान जवळच होतं.

वाळवंट मराठी चांगलं बोलत होतं. कुठे शिकलात, असं काकीने विचारलं.

"आमच्याकडं सरहद्दीवर साताऱ्याकडची पोरं पहाऱ्याला असत्यात," ते म्हणालं. "रातचं गप्पा मारत्यात. ऐकून ऐकून आलं."

मग त्याने विचारलं की दुसरं वाळवंट किती लांब आहे. आपल्या जातीचं कुणी आपण आजवर पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात कामाचे दिवस, रजा मिळत नाही. तीन वर्षांची रजा साठवून ही चार दिवसांची सवड काढली ती त्यासाठीच. हे सांगताना त्याचा आवाज लहान पोराचा जत्रेच्या सकाळी येतो तसा येत होता. काकीने खाली बघून चिमणीचा पट्टा उगाच पुन्हा आवळला.

बसायची अडचण अशी होती की पाटीवर नव्वद किलोच्या वरचा माणूस घेणार नाही, असं लिहिलेलं होतं. भाऊसाहेबांनी अट मोठ्याने वाचली आणि वाळवंट माणूस नसल्यामुळे ती लागू होत नाही, असा निर्णय दिला. तेव्हा खोगिरावर मावलं तेवढं वाळवंट चिमणीवर बसलं आणि उरलेलं मागून चालत आलं. भाऊसाहेबांना सरदारवर बसवलं. हेमाकाकी नेहमीसारखी चिमणीचा लगाम धरून पुढे चालू लागली. वरच्या आळीतल्या बायकांनी वाळत घातलेली सुकी मासळी आणि पापड आत घेतले. वाळवंट पूर्ण पुढे सरकेपर्यंत एसटी तिठ्यावर पाऊण तास उभी होती, पण ड्रायव्हरने एकदाही हॉर्न वाजवला नाही. पाव्हणा माणूस आहे, असं त्याने कंडक्टरला सांगितलं.

सुरूची झाडं संपली आणि समुद्र दिसला. खोगिरावरचं वाळवंट थांबा म्हणालं. मागून येणारंही जिथल्या तिथे थांबलं.

"ह्ये समदं पाणीच?" त्याने विचारलं.

काकीने हो म्हटलं.

"पिन्याचं?"

"छे. थेंबभर तोंडात घेववत नाही."

"मग आमच्यावानीच की," वाळवंट म्हणालं, आणि खोगिरावर एकदम ताठ बसलं.

त्यानंतर त्याला कुणी आवरू शकलं नाही. घोडी पळवा म्हणालं. पहिल्याच फेरीला काकी कुणाला घोडी पळवू देत नसे, पण तिच्याही अंगात आलं होतं. तिने लगाम सोडला आणि जीभ टाळूला लावून आवाज केला. चिमणी लाटांच्या कडेकडेने सुटली. मागून उरलेलं वाळवंट धावलं. सरदारला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तोही सुटला, आणि भाऊसाहेबांनी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा वही खाली टाकली. हेमाकाकी साडीचा काष्टा मारून मागून पळत होती, ओरडत होती, हसत होती. पन्नाशी उलटलेल्या बाईने एवढं धावू नये, हे तिला खाडीच्या तोंडाशी पोचल्यावर आठवलं. खरं वाळवंट आपल्या घोडीवर बसून खदखदा हसत समुद्राकाठाने गेलं, यापुढे परवाना राहिला काय आणि गेला काय, असं क्षणभर तिला वाटून गेलं. मग क्षण संपला, आणि पुन्हा तिन्ही घोडे डोळ्यांपुढे आले.

खाडीच्या तोंडाशी वाट केवड्याकडे वळते. तिथे मोसमाच्या पहिल्या फेरीला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायची कुबलांची रीत. सासऱ्यांनी घालून दिलेली. गाऱ्हाण्यात वर्षभरात जे काही झालं असेल ते खरं सांगायचं, एक शब्द लपवला तरी घोडा लंगडतो. बरोबरच्या माणसांनी प्रत्येक वाक्याला होय म्हणायचं. काकीला ही रीत टाळता आली असती. भाऊसाहेब इकडचे नाहीत, त्यांना ठाऊक नव्हतं. पण चिमणी त्या जागी आपोआप थांबली आणि मान खाली घालून उभी राहिली. काकीने खोगिराच्या पिशवीतला नारळ काढला, दर्याकडे तोंड केलं आणि बोलायला लागली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू तुझ्या काठार नारळ घेवन उभा रवला हा."

"व्हय महाराजा," वाळवंट म्हणालं. साताऱ्याच्या पोरांबरोबर त्याने कधी गाऱ्हाणं ऐकलं होतं की काय, कोण जाणे.

"माझ्या घोड्यांक सांभाळलंस, येणाऱ्याजाणाऱ्याक सांभाळलंस."

"व्हय महाराजा."

काकीने इथे मागे वळून पाहिलं. भाऊसाहेब सरदारवर बसून ऐकत होते. तिने नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"पाटयेर मी वाळवंट लिवलंय, पण ता वाळवंट न्हय. दोन गुंठे पुळण आसा केवड्यामागे. घोडे जगवूक लिवलंय. चुकला ता पायाखाली घे रे म्हाराजा!"

या वाक्याला होय मात्र आलं नाही. भाऊसाहेबांनी खिशातून पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. काकीने नारळ फोडला, पाणी दर्यात सोडलं आणि रडू येतंय हे कुणापासून लपवलं नाही. एवढ्या लांबून आलेल्याला फसवलं, याचीच तिला परवान्याहून जास्त लाज वाटत होती. तिने वाळवंटाला सांगितलं की घोडी मागे वळवते, फेरीचे पैसे घेत नाही.

"आलोय तर बघून जातो," वाळवंट म्हणालं.

केवड्याच्या बनाबाहेर वाळवंट खाली उतरलं. बाकीच्या स्वतःला त्याने सुरूपाशीच थांबायला सांगितलं, लहान जागेत गर्दी नको म्हणून. खोगिरावर होतं तेवढंच आत गेलं. समोर ती दोन गुंठे वाळू होती. मध्ये थोडी उंच, कडेला ओलसर, एका कोपऱ्यात कुणाची तरी राहिलेली चप्पल. हेमाकाकीला ती वाळू इतकी केविलवाणी कधी दिसली नव्हती. लग्नाला आलेल्या पाहुण्यापुढे फाटकी सतरंजी निघावी तसं तिला झालं.

वाळवंट तिच्याजवळ बसलं. दोघांचं बोलणं त्यांच्या भाषेत चाललं होतं, त्यातलं काकीला काही कळलं नाही. पण एक विचारत होतं आणि दुसरं भराभर सांगत होतं, एवढं कळत होतं. चार वर्षं लोक येत होते, फोटो काढत होते, पण असं बोलायला कुणी बसलेलं नव्हतं. अर्ध्या तासाने वाळवंट काकीकडे वळलं आणि त्याने मुद्द्याचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. मागून पळताना काकीने उचलून आणलेली वही भाऊसाहेबांनी उघडली.

उंट आहेत का? काकी म्हणाली, नाहीत. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं. खाली पाणी किती हातांवर लागतं? दोन, असं काकीने खरं तेच सांगितलं, आणि भाऊसाहेबांनी मान हलवून तेही लिहिलं. वादळ होतं का? पावसाळ्यात होतं, पण त्यात वाळूपेक्षा झावळ्याच जास्त उडतात.

"मृगजळ?"

हेमाकाकीने जरा विचार केला. मग तिला आठवलं. मेमध्ये भर दुपारी साडेबाराच्या सुमाराला, पश्चिमेच्या कडेला, अगदी थोडं दिसतं. ताटाएवढं. ती पोरांना ओरडायची, पाणी कुणी सांडलं म्हणून. जवळ जाऊन बघावं तर कोरडं.

वाळवंट उठून उभं राहिलं.

"ताटायेवढं? ह्या वयात?"

ते पुन्हा त्या वाळूकडे वळलं आणि तिच्याकडे बघत राहिलं. आपल्याला पहिलं मृगजळ चांगलं मोठं झाल्यावर दिसलं होतं, असं ते काकीला म्हणालं, आणि हे सांगताना त्याला फार भरून आलं होतं. सुरूपाशी थांबवलेल्या बाकीच्या वाळवंटातही चुळबुळ सुरू झाली, मागचे पुढच्यांना काय झालं ते विचारू लागले. भाऊसाहेबांनी वही पुढे केली. शेऱ्याच्या रकान्यात वाळवंटाने लिहिलं, 'बघितलं. लहान हाय. पण हाय.' आणि खाली सही केली.

डोईफोडे भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं, हेमाकाकीला वाचायला दिलं आणि परवान्यावर पाच वर्षांचा शिक्का मारला. काकीने चिमणीच्या मानेला मिठी मारली. मग तिने त्या दोन गुंठे वाळूला वाकून नमस्कार केला आणि इतकी वर्षं खोटं समजून खरंच बोलत होते गो, असं तिला सांगितलं.

पण भाऊसाहेबांचं काम संपलं नव्हतं. जागा वाळवंट म्हणून नोंदली गेली तर वाळवंटांचे नियम तिला लागू होतात, आणि नियमाप्रमाणे तिची चार वर्षांची रजा शिल्लक निघते, असं त्यांनी निदर्शनास आणलं. रजा कोण मंजूर करणार, असं काकीने विचारलं. पाटी ज्याची त्याने, असं भाऊसाहेब म्हणाले. दोघांनीही त्या वाळूकडे पाहिलं. ती आधीच पाहुण्याला चिकटून उभी होती.

मोसमाचा पहिला आठवडा होता. काकीने कागद मागून घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि महिनाभराची रजा मंजूर केली. तिकडे थंडी असते, असं सांगून तिने आपली शाल काढून त्या वाळूवर घातली.

वाळवंटाने उरलेले दिवस किनाऱ्यावर घोडी पळवण्यात घालवले. चिमणी सोडून दुसऱ्या कशावर ते बसायला तयार नव्हतं. शुक्रवारी काकी दोघांना स्टेशनवर पोचवायला गेली. मोठ्याने लहानाला खिडकीपाशी बसवलं, म्हणजे वाटेत सगळं दिसेल. गाडी हलायला लागली तेव्हा काकीने पिशवीतून एक बाटली काढली आणि धावत जाऊन खिडकीतून आत दिली. बाटलीत हेदुळ्याच्या समुद्राचं पाणी होतं.

"कधी पाण्याबिगर राहिलेलं नाय ते," ती मोठ्या वाळवंटाला म्हणाली. "करमलं नाय तर कडेला जरासं शिंपडा."