जौराई फिनी

देश एकत्र होतो तेव्हा आधी नकाशा एकत्र होतो, मग कागद एकत्र होतात, आणि माणसांना शेवटी कळवण्यात येते. विलीनीकरणाच्या त्या वर्षांत हे सगळे भराभर चालले होते. संस्थाने आली, मागोमाग फ्रेंचांची पाँडिचेरी आली. पाँडिचेरी आली म्हणजे तिची भाषाही आली. ती ठेवायची कुठे, असा प्रश्न वरच्या कुठल्याशा खात्याला पडला. खात्याने विचारांती ती सगळ्या देशात थोडी थोडी वाटून टाकायचे ठरवले.

परिपत्रक निघाले. प्रत्येक तालुक्याने एक फ्रेंच वर्ग काढावा, आणि जो शिक्षक तो वर्षभर चालवून तपासणीत उतरेल, त्यास नोकरीत कायम करावे. (जेथे फ्रेंच माणसे नाहीत तेथे वर्गाची गरज अधिक समजावी, असे परिशिष्टात होते.) बऱ्हाणपुरात रीतसर पाहणी झाली. फ्रेंच रहिवासी : शून्य. पूर्वी येऊन गेलेले : एक, तोही मोगलांच्या अमदानीत, कापड बघून परत गेला. गरज अत्यंत तीव्र ठरली.

बऱ्हाणपुरात, शनवारा पेठेतल्या एका शाळेत लीलाधर मास्तर नऊ वर्षे हंगामी होते. हंगामी माणसाला जे सांगाल ते येते, हा शाळाखात्याचा जुना अनुभव आहे. त्यातून मास्तरांना कायम होण्याची घाई होती. जवळच्या निंबोला गावच्या देवराम केळीवाल्यांची मुलगी कोकिळा त्यांच्या मनात भरली होती. कोकिळा मॅट्रिक झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी, आणि मास्तरांशी दोन वाक्ये जास्तच बोलणारी. देवरामांनी आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, मुदत घालून सरळ सांगून टाकले होते.

"मास्तर, मानूस तुम्ही चांगले. पन पक्क्या नौकरीचा कागद दाखवा. येत्या आखाजीपर्यंत वाट पाहतो, मंग दुसरं पाहीन."

मास्तरांना त्याच दिवशी फ्रेंच यायला लागले.

अडचण एवढीच होती, की गावात फ्रेंचचे पुस्तक नव्हते. एक होते असे चौकशीत निघाले. ते कुण्या बदली झालेल्या साहेबाच्या रद्दीतून चौकातल्या जिलेबीवाल्याकडे गेले होते. मास्तर धावत पोचले तेव्हा दोनशे अकरा पाने मावा-जिलेबीबरोबर गिऱ्हाइकांच्या घरी गेलेली, आणि एकच पान गल्ल्याखाली उरलेले. त्या पानावर एकच क्रियापद होते, 'संपवणे', आणि एकच काळ, पूर्ण भविष्यकाळ. म्हणजे काम आज झालेले नाही, उद्याही होईलच असे नाही, पण त्यापुढे कधीतरी मागे वळून पाहू तेव्हा ते झालेले असेल.

हेडमास्तरांना एका पानावर भाषा शिकवणे प्रथम धाडसाचे वाटले. पण त्यांनी थोडा विचार केला. भूतकाळ इतिहासाच्या तासाला येतोच. वर्तमानकाळाबद्दल सरकारी शाळेने बोलू नये. साधा भविष्यकाळ ज्योतिषांकडे असतो. राहता राहिला हाच काळ, आणि दुसरी पंचवार्षिक योजना तर अथपासून इतिपर्यंत याच काळात लिहिलेली होती : सन एकसष्टपर्यंत अमुक इतक्या विहिरी झालेल्या असतील. तेव्हा हा राष्ट्रीय महत्त्वाचा काळ आहे, असा शेरा मारून त्यांनी वर्गाला परवानगी दिली.

वर्गात अकरा विद्यार्थी जमले. पहिल्या बाकावर तालुका शिक्षण कचेरीतले हेडक्लार्क नंदकुमार बाबू, शेवटच्या बाकावर शाळेची झाडलोट करणाऱ्या भागाबाई (त्यांना खोली बंद करून कुलूप लावायचे असे), मधे कोकिळा आणि इतर. उच्चार पानावर दिलेले नव्हते, म्हणून ते इंग्रजीच्या अंदाजाने ठरवण्यात आले. मास्तर फळ्यापुढे उभे राहून म्हणत, "जौराई फिनी!" आणि वर्ग म्हणे, "जौराई फिनी!" म्हणजे, मी संपवलेले असेन.

दुसऱ्या आठवड्यात भागाबाई नारळ घेऊन आल्या.

"मास्तर, जौराईची जत्रा कोन्या महिन्यात ऱ्हाते? माझ्या सुनेचं पोट दुखून राह्यलं, नवस बोलते."

ही देवी नसून क्रियापद आहे, हे मास्तरांनी तीन वेळा समजावले. भागाबाईंनी तीन वेळा मान डोलावली आणि नारळ फळ्याखाली फोडला. सुनेची पोटदुखी थांबली. पुढच्या आठवड्यात चार नारळ आले. हजेरी अकरावरून छत्तीसवर गेली. (फ्रेंच वर्गाच्या संख्येत एका महिन्यात सव्वादोनशे टक्के वाढ दाखवणारा आपला एकमेव तालुका.)

दुसरे रूप जरा नाजूक होते. मी झाल्यावर तू येतो, आणि तू-चे रूप पानावरच्या स्पेलिंगप्रमाणे 'तू औरस फिनी' असे होत होते. एखाद्याला तोंडावर 'तू औरस' म्हणायचे म्हणजे आजवर त्याबद्दल काही शंका होती असे होते. दोन विद्यार्थी यावरून हातघाईवर आले, तेव्हापासून हे रूप खिडकीकडे पाहून म्हणायचे ठरले.

सर्वांत जास्त प्रगती नंदकुमार बाबूंनी केली. आजपर्यंत कोणी कामासाठी आले की ते "होईल" म्हणत आणि मग मनाला लागे, कारण ते होत नसे. बाबू देवभीरू होते. आता ते "झालं असेल" म्हणू लागले. यात खोटे काहीच नाही. शिवाय मराठीत याच शब्दांचा दुसराही अर्थ होतो, की झाले असावे, मला काय ठाऊक. एकाच वाक्यात आश्वासन आणि अज्ञान दोन्ही बसत असल्याने कचेरीची निम्मी शाई वाचली, आणि तक्रारी पार बंद झाल्या. तक्रार करायला आलेल्या माणसाला "तुमची तक्रार नोंदवली असेल" असे सांगत.

एकट्या कोकिळाचे मन वर्गात लागेना. तिने एकदा विचारले, "मास्तर, फ्रेंचमध्ये 'हो' कसं म्हणतात?"

मास्तरांनी पान उलटसुलट पाहिले. "ते या पानावर नाही."

"अन् 'नाही'?"

"तेही नाही."

कोकिळा म्हणाली, "मग हे लोक एकमेकांशी लग्नं कशी करतात?" वर्ग हसला. मास्तरही हसले, त्यांनी हसायला नको होते.

तपासणी वर्ष पुरे होण्याआधीच उरकण्यात आली, आणि उत्तम झाली. तपासणी अधिकाऱ्यांना फ्रेंच येत नव्हते, त्यामुळे त्यांना एकही चूक आढळली नाही. कायम करण्याची शिफारस होऊन फाइल तेव्हाच्या राजधानीला, म्हणजे नागपूरला, रवाना झाली. ती तिथे पोचते न पोचते तोच राज्याची फेररचना झाली आणि राजधानीच भोपाळला गेली. मास्तरांनी दोन्हीकडे पत्रे घातली. नागपूरहून उत्तर आले : आपली फाइल भोपाळला गेली असेल. भोपाळहून उत्तर आले : आपली फाइल नागपुरास राहिली असेल. दोन्ही पत्रांतले व्याकरण निर्दोष होते. मास्तरांना क्षणभर अभिमानसुद्धा वाटला.

आखाजीच्या दिवशी मास्तर दोन्ही पत्रे घेऊन निंबोल्याला गेले. ओसरीवर देवराम बसले होते. आमरस-पुरणपोळीची ताटे वाढलेली होती, आणि कोकिळा दारात उभी होती.

"झाली का नौकरी पक्की?"

मास्तर म्हणाले, "झाली असेल."

"झाली असन म्हंजे? नौकरी तुमची, अन् तुमालेच ठाऊक नाही?"

मास्तरांनी पत्रे पुढे केली. देवरामांनी ती कोकिळाकडून वाचून घेतली, दोनदा. मग ते म्हणाले, "हे दोघं तर एकमेकाले ढकलून राह्यले. बरं, ते जाऊ द्या. वर्षभर जे शिकवलं ते तरी पक्कं हाये का? बोलून दाखवा."

आता विद्वत्ताच काय ती वाचवील, असे मास्तरांना वाटले. ते उभे राहिले, आणि निंबोल्याच्या त्या ओसरीला खिडकी नसल्यामुळे सरळ देवरामांच्या डोळ्यांत पाहून खणखणीत आवाजात म्हणाले, "तू औरस फिनी!"

देवराम सावकाश उठले.

"मास्तर," ते म्हणाले, "माझा बाप काढायचं काम नव्हतं. अन् वरून तू?"

मास्तर व्याकरण सांगू लागले. कोकिळाने त्यांना थांबवले. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता.

"बाबा, नौकरीचं मरू द्या. मला एकच विचारायचंय. मास्तर, तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय का? हो की नाही, तेवढं बोला."

नुसता 'हो' म्हणायचा होता. मराठीत, हिंदीत, नुसती मान हलवूनही चालले असते. तिच्यावाचून आपले काही खरे नाही, हे त्यांना त्या क्षणी अगदी स्वच्छ कळले. पण बारा महिने तोंडात एकच काळ घोळलेला. ते म्हणाले, "मी... ठरवलं असेल."

कोकिळाने त्यांच्या पुढ्यातले ताट उचलून आत नेले.

ज्येष्ठात तिचे लग्न एका जिनिंग कारखान्यात कापूस तोलणाऱ्या तोलाऱ्याशी झाले. त्याला दोनच शब्द येत, 'हो' आणि 'नाही', आणि दोन्ही वेळेवर येत. मास्तरांचा हुकूम दोन वर्षांनी आला. त्यांना फ्रेंच शिक्षक म्हणून कायम करण्यात आले होते, आणि विद्यार्थी उरले नसल्याने वर्ग बंद करण्यात आला होता. दोन्ही एकाच कागदावर, काटकसर म्हणून.

हे वाचून तुम्ही हसला असाल. मास्तरांना साधा 'हो' म्हणता येऊ नये, याचे थोडे वाईटही वाटले असेल. आणि वाचायला बसण्यापूर्वी जे एक काम तुम्ही बाजूला सारून ठेवलेत, ज्यापायी कोणीतरी अजून तुमच्या उत्तरासाठी थांबले आहे, त्याची काही काळजी करू नका. ते एव्हाना झालं असेल.