घाटावरची शिराज

इंगळेभाऊंना जेवायला बोलावलं तर ताट, वाटी, पेला यांच्याबरोबर एक भांडं जास्तीचं ठेवावं लागतं. थुंकायला.

घाबरू नका, माणूस स्वच्छ आहे. रोज धुतलेला पांढरा सदरा, नखं कापलेली, चपला दारात सरळ रेषेत. पण कुठलाही पातळ पदार्थ ते आधी तोंडात घेतात, डोळे मिटतात, या गालातून त्या गालात दोन-तीनदा फिरवतात आणि थुंकतात. मग निकाल देतात. आणि मगच दुसरा घोट गिळतात. चहा, ताक, कढी, डॉक्टरनं दिलेलं खोकल्याचं औषध, कशाचीही सुटका नाही.

मोताळ्याला माझ्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत वरणाचा पहिला घोट पेल्यात परत केला. माझे सासरे स्वतः वाढायला उभे होते. त्यांचा चेहरा पडला.

"काऊन हो पाव्हणे, खारट झालं का?"

"नाही बाप्पा, वरण झकास हाये," इंगळेभाऊ म्हणाले. "मधी जरासं पोकळ हाये, पण शेवट लांब हाये."

आपल्या वरणाचा शेवट लांब म्हणजे नेमका कुठवर गेला, हे सासऱ्यांना अजून उमगलेलं नाही. वर्षातून एकदा तरी ते मला विचारतात.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली. मूळचे ते देऊळघाटचे. तरुणपणी नाशिककडच्या एका वाइनच्या कारखान्यात द्राक्षांचे क्रेट उचलायला लागले आणि सव्वीस वर्षांनी निवृत्त झाले ते चव घेणाऱ्यांच्या टेबलावरून. साहेब लोकांबरोबर खुर्ची होती म्हणे. आणि एवढ्या वर्षांत वाइनचा एक थेंब घशाखाली गेला नाही. विहारात पौर्णिमेला पंचशील म्हणताना दारू न पिण्याच्या पाचव्या शीलापाशी त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा लागतो. "तोंड माहं कंपनीचं, घसा माहा धम्माचा," असं ते छाती काढून सांगतात. गल्लीतले निम्मे लोक यावर विश्वास ठेवत नाहीत. मी ठेवतो, कारण शांतावहिनींना मी ओळखत होतो. त्यांच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती.

निवृत्तीनंतर दोघं बुलढाण्याला आमच्या शेजारी राहायला आली. वहिनी उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. मी घरात काय खाल्लंय ते त्या कुंपणापलीकडून सांगायच्या. वर्षभरातच त्या गेल्या. साधा ताप आला आणि चौथ्या दिवशी गेल्या.

भाऊंचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे "उद्या सांगतो." त्यांना काहीही विचारा. कोणत्या वाण्याची चहापत्ती चांगली, यंदाच्या शेंगदाण्याचं तेल कसं आहे, उत्तर एकच, उद्या सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच येऊन सांगायचे, असं काही अचूक की वाणीसुद्धा चपापायचा. वहिनी गेल्यावर मात्र ते उद्या उजाडेनासं झालं. वय झालं, विसरत असतील, असं आम्ही धरून चाललो.

आता शिराजबद्दल सांगायला हवं, कारण शिराज सोडून इंगळेभाऊ सांगणं म्हणजे कपाशी सोडून मोताळा सांगण्यासारखं आहे. शिराज हे वाइनचं काळं द्राक्ष. बारीक मणी, जाड साल, आणि बिया तर इतक्या की आमच्या गल्लीतल्या पोरांनी एकदा चोरून खाल्ली आणि पुन्हा त्या कुंपणाकडे फिरकली नाहीत. येताना भाऊ-वहिनींनी त्याची काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीनं मांडीवर आणली आणि अंगणात लावली.

आमचा जिल्हा दोन मजली आहे. बुलढाणा घाटावर, मोताळा घाटाखाली. खाली उन्हाळ्यात चप्पल डांबराला चिकटते, आणि आम्ही वर पंखा दोनवर ठेवून ऐट करतो. भाऊंनी या दोन मजल्यांवर सगळी शिराज मांडून ठेवली होती.

"शिराज एकच बे," ते सांगत, "पण मुलूख बदलला का सोभाव बदलते. गरम मुलखात पिकली का जांभळावानी, मुरंब्यावानी, गोडगट्ट. थंड मुलखात सावकाश पिकली का तिले मिऱ्याचा वास येते. लाकडाच्या पिंपात ठेवली का म्हातारपणीही तोऱ्यात राह्यते. अन साल लवकर काढून घेतली का गुलाबी. दिसाले छान, पण दम नाही."

द्राक्षावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते माणसंही त्यातच मोजायचे. त्याच लग्नात, वरणाचा निकाल दिल्यावर, माझी सासुरवाडी भोवती जमली. सासरे पिंपातली शिराज ठरले. माझी बायको सुलभा घाटाखालची, म्हणजे मुरंब्याची. सगळे खूश. मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा? हा गुलाबी," इंगळेभाऊ म्हणाले. "रंग आला, पण सालीचा गुण उतरलाच नाही."

सगळा मांडव हसला. सासरे पोट धरून हसले. माझी मेव्हणी तेव्हापासून मला गुलाबी भाऊजी म्हणते, अगदी माझ्या कचेरीत फोन करूनसुद्धा. मी वरवर हसलो आणि मनात गाठ बांधली. मी तसा खुनशी माणूस आहे, हे इथंच कबूल करतो.

वेल मोठा झाला. लोखंडी मांडवावर चढला. वहिनी गेल्यानंतर भाऊ दिवसभर त्याच्या खालीच असायचे. ऑक्टोबरात छाटणी, थंडीत घोसांची विरळणी, आणि फेब्रुवारीपासून रोज सकाळी एक मणी तोंडात. साल चावायची, रस थुंकायचा, बी दाढेखाली धरायची. "बी खुटकन वाजली पाह्यजे. कच्ची बी दबते, पिकली बी वाजते." पहिल्या वर्षी चार घोस आले, दुसऱ्या वर्षी बुरशीनं खाल्ले. तिसऱ्या वर्षी मात्र मांडव काळाभोर लगडला.

आणि भाऊंनी जाहीर केलं की या वर्षी फैसला. मिऱ्याचा वास आला तर वेल राहणार, नाही आला तर मुळासकट काढणार.

"इतका लगडलेला वेल काढता, भाऊ?" मी विचारलं.

"ठरलेलं हाये थे," एवढंच म्हणाले.

मग परीक्षा सुरू झाल्या. ते ताटलीत घोस घेऊन दारोदार जायचे, नाकासमोर धरायचे आणि विचारायचे, "सांग, कशाचा वास येते?" गल्लीला वाटलं, म्हातारा आपलं नाक तपासतोय. स्वतःला तर सगळं कळतच असणार, सव्वीस वर्षं त्याचंच खाल्लं. दूधवाल्यानं अट ऐकलेली होती, तो वास घ्यायच्या आधीच म्हणाला, "मिरे." भाऊंनी ताटली मागं घेतली. "गोड बोलून राह्यला लेकाचा." विहाराचे सचिव म्हणाले, "द्राक्षाला द्राक्षाचाच वास येणार ना." तेही नापास.

मार्चातल्या एका रविवारी ताटली माझ्याकडे आली. माझ्या कचेरीतले दोघंजण चहाला आलेले होते.

"बाबू," भाऊ म्हणाले, "तू खडूस माणूस हायेस. तू कोणाचं मन राखत नाहीस. म्हणून तुह्याकडं आखरीले आलो. तू म्हणशीन थे खरं."

आता हे नीट सांगतो, कारण याच्यासाठीच तर लिहायला बसलो. मी वास घेतलाच नाही. घोस नाकाजवळ नेला, डोळे मिटले, त्यांच्यासारखीच मान हलवली. समोर दोन माणसं हसायच्या तयारीत बसलेली. मला लग्नाचा मांडव आठवला, मेव्हणी आठवली.

"ओल्या कुत्र्याचा," मी म्हणालो.

"काय?"

"ओल्या कुत्र्याचा वास येऊन राह्यला, भाऊ. पण शेवट लांब हाये."

दोघंजण खो खो हसले. एकाच्या नाकातून चहा आला. इंगळेभाऊ हसले नाहीत, चिडलेही नाहीत. 

"मिरे नाहीत?"

"नावाले नाहीत."

"बरं," ते म्हणाले. "ठेव हा घोस. सुलभावहिनीले शरबत करू दे." आणि गेले.

सोमवारी संध्याकाळी मी कचेरीतून आलो तेव्हा त्यांच्या अंगणात नुसता लोखंडी मांडव उभा होता. मजूर लावून त्यांनी वेल मुळासकट खणून काढला होता. खड्डा बुजवून वर पाणीसुद्धा मारलं होतं. लाकूड कुणाच्या तरी चुलीला गेलं, घोस बकऱ्यांना. मी स्वतःला समजावलं, म्हटलं त्यांचा वेल, त्यांची मर्जी, आणि एवढं मोठं नाक असलेला माणूस माझ्या गमतीवर थोडाच जाणार?

आत स्वयंपाकघरात सुलभा तो घोस चाळणीवर दाबत होती. ती एकदम थांबली.

"अहो, ही चाळणी तुम्ही मसाल्यात घेतली होती काय?"

"नाही बा."

"मग मिरे कोणी फोडले?" तिनं हात हुंगला, चाळणी हुंगली, मग दाबलेल्या साली उचलून हुंगल्या. "बाई बाई! या सालीलेच वास येऊन राह्यला. घ्या, पाहा."

मी घेतला. आता घेतला. ताजे मिरे खलबत्त्यात फोडल्यावर येतो तो, नाकात टोचणारा, स्वच्छ वास होता. 

सुलभाला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मग वाटी उचलून म्हणाली, "चला."

भाऊ ओट्यावर बसले होते. मी घडाघडा बोललो. वास घेतला नव्हता, गंमत केली, चुकलं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"पण भाऊ," मी म्हणालो, "तुम्हाले तं स्वतःले कळत होतं ना?"

"मले?" ते म्हणाले. "मले फिनाइलचा वास येत नाही बे, तं मिऱ्याचा काय येईन. जनमापासून असंच हाये. आंबट कळते, तुरट कळते, थे जिभेचं काम. नाक शांताचं होतं."

मग त्यांनी सांगितलं. टेबलावर साहेबांनी वास विचारला की हे म्हणायचे, उद्या सांगतो. रुमाल वाइनमध्ये बुडवून जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालायचे, झाकण घट्ट लावून घरी न्यायचे. वहिनी डबा उघडायच्या, एकदाच हुंगायच्या आणि सांगायच्या, चामडं, लवंग, जळका गूळ, ओली माती. सकाळी हे तेच शब्द साहेबांना द्यायचे. साहेब म्हणायचे, इंगळे विचार करून बोलतो. सव्वीस वर्षं त्या बाईनं वाइन ओठाला लावली नाही आणि कारखाना तिच्या नाकावर चालला.

"काडी लावली तवा म्हणाली होती, वर थंडी हाये, इथं मिरे येतीन. नाही आले तं उपटून टाका, उगा जागा अडवू नका." त्यांनी बुजवलेल्या खड्ड्याकडे बोट केलं. "तिचं नाक कधी चुकलं नव्हतं. तू म्हणला नाहीत, तं मले वाटलं, बाई गेल्यावर चुकली. मंग तिची चूक अंगणात काऊन उभी ठेवाची? येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाह्याले? म्हणून काढला."

 मी त्यांचे पाय धरले, त्यांनी "हट बे" म्हणून सोडवून घेतले.

सुलभानं वाटी पुढं केली. "भाऊ, बाईंचं चुकलं नव्हतं. मिऱ्याचाच वास हाये. मले तं काही माहीतही नव्हतं, मी यायलेच भांडली, का चाळणी मसाल्यात काऊन घेतली."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्यांनी वाटी घेतली, नाक खुपसलं, डोळे मिटून कितीतरी वेळ श्वास ओढत राहिले. मग वाटी खाली ठेवली आणि आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं.

"वहिनी," ते हळू म्हणाले, "यानं तुमाले शिकवून तं नाही आणलं?"

"नाही हो भाऊ. लेकराची शपथ."

"माह्या मनाले बरं वाटावं म्हणून तं नाही म्हणत?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले.

याला आता वर्ष होत आलं. अंगणात मांडव रिकामाच आहे. दुसरी काडी आणून देतो म्हटलं, तर नको म्हणाले, पहिली शांतावहिनींनी निवडलेली होती. भाऊंची परीक्षा घेण्याची सवय गेलेली नाही. लोणारला जाताना एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही पेरू पुढं करून विचारतात, कशाचा वास येते. भाजीच्या गाडीवर सुलभा भेटली की पिशवी बाजूला ठेवून विचारतात, "वहिनी, खरं सांगा, होता ना मिऱ्याचा?" ती दर वेळी म्हणते, "होता, भाऊ." ते मान हलवतात, आणि आठ दिवसांनी परत विचारतात.

मी तिथंच उभा असतो. तो वास मीही घेतलाय, हे त्यांना ठाऊक आहे. मला ते विचारत नाहीत.