तबक उजळणार नाही

"तबकाला हात लावू नकोस, आधी गणित होऊ दे," असं रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, तेव्हाच त्यांच्या बायकोनं ओळखलं की आजची सकाळ हातची गेली.

तबक चांदीचं आणि मोठ्या जाऊबाईंचं. घरी पाहुणे येणार म्हणून प्राध्यापकच ते मागून घेऊन आले होते. पाहुणे आलेच नाहीत, म्हणून ते कापडात गुंडाळलेलंच कपाटात राहिलं. आज उघडलं तर नक्षीच्या खाचाखाचांत काळं बसलेलं. जाऊबाई जेवणाआधी न्यायला येणार होत्या, आणि 'धाकटीला वस्तू दिली की तिची रया जाते' हे त्यांचं मत साऱ्या नात्यागोत्यात पोचलेलं होतं. आज ते खरं ठरू नये, एवढंच बाईंचं देवाकडे मागणं होतं.

शेजारणीनं उपाय सांगितला: अॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा, कढत पाणी.

"पण अभिक्रिया होणार का, हे बघायला नको?" प्राध्यापक जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडत म्हणाले.

"करून बघितलं की कळेल."

"करून काय, कोणीही बघतं. उष्णता किती निघते ते घ्यायचं. कणांचा पसारा किती बदलतो ते घ्यायचं, त्याला तापमानानं गुणायचं आणि उष्णतेतून वजा करायचं. उत्तर उणे आलं तर होणार, अधिक आलं तर नाही."

"आणि टेबलावरच्या पसाऱ्याला कशानं गुणायचं?"

प्राध्यापकांनी आकडेमोड सुरू केली. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं, पाणी उकळलं, घमेल्यात फॉइल अंथरली आणि तबक सोडलं. कुजकट वास सुटला. तेवढ्यात प्राध्यापकांनी मान वर केली.

"अशक्य," ते हळहळून म्हणाले. "एवढं मोठं अधिक उत्तर मी जन्मात पाहिलं नाही. तबक उजळणार नाही."

"अर्धं उजळलंय."

प्राध्यापक आले. घमेल्यात वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हे होऊ शकत नाही."

"मग तबकाला तसं सांगा."

"दुसरंच काहीतरी होत असेल. काढ बाहेर, काढ."

तबक बाहेर आलं, अर्धी नक्षी लख्ख आणि अर्धी काळी. जाऊबाईंनी ते तसं पाहिलं असतं तर पुढच्या सात पिढ्यांना ऐकवलं असतं. बाई डोळे मिटून पुटपुटल्या, "देवा, नवरा दिलास, धीरही दे." प्राध्यापक आकडेमोडीवर बोट फिरवत होते. बोट एका जागी थांबलं.

"हजारानं भागायचं राहिलं. उष्णता किलोज्यूलमध्ये घेतली आणि पसारा नुसत्या ज्यूलमध्ये. आता उत्तर उणे येतंय. भरपूर उणे."

"म्हणजे?"

"म्हणजे उजळणार."

"बरं झालं सांगितलंत."

गणितानं परवानगी दिल्यावर प्राध्यापकांना आवरणं कठीण. नवी फॉइल, दुप्पट सोडा, पुन्हा कढत पाणी. बाई "पुरे आता" म्हणत राहिल्या. प्राध्यापकांनी खाचाखाचांतला काळेपणाचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत तबक उलटंपालटं केलं. ते पुसून ठेवतात तोच बेल वाजली.

जाऊबाईंनी तबक हातात घेतलं, खिडकीशी नेलं. नक्षीवरून अंगठा फिरवला. बाईंना वाटलं, एकदाचं कौतुक कानावर पडणार.

"काळं कुठं गेलं?"

"काढलं ना, वहिनी," प्राध्यापक उत्साहानं म्हणाले. "समूळ."

"भाऊजी, ते सोनाराकडून मुद्दाम भरून घेतलं होतं. नक्षी उठून दिसावी म्हणून. महिनाभर थांबले होते त्यासाठी."

घरात घमेल्यातल्या पाण्याचा तेवढा वास राहिला. बाई पुढे झाल्या. "यांना मीच सांगितलं होतं, जाऊबाई. वाटलं, आमच्याकडे राहून काळवंडलं. तुम्हाला तोंड कसं दाखवू?"

जाऊबाईंनी बाईंकडे पाहिलं. सोड्यानं पांढरे पडलेले हात पाहिले. तबक त्यांनी बाईंच्याच हातात ठेवलं.

"राहू दे तुझ्याकडेच. माझ्याकडची वस्तू इतकी जपलेली मी पहिल्यांदाच पाहतेय. जेवायला काय केलंयस?"

जेवायला काहीच केलेलं नव्हतं. शेगडीवर सकाळपासून नुसतं पाणी उकळत होतं.

"पटकन भात टाकतो," प्राध्यापक म्हणाले आणि तांदळाला पाणी किती, याचा हिशेब मांडायला टेबलाकडे वळले. बाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, अंबाड्यात खोचलं आणि दोघी जावा स्वयंपाकघरात गेल्या.